उन्हाळ्यात रात्री काय करता? (भाजी ताजी, उत्साह शिळा)

अगाशीवरची | रविवार, रात्री ९.५०

मंडळी, बडोद्याहून लिहितेय. मे महिना, बाहेर बेचाळीस, आणि आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला. सहाला ऑफिसातून येते तेव्हा गॅस पेटवायच्या आधीच ओटा हाताला गरम लागतो.

आज सकाळी खंडेराव मार्केटला फुलं आणायला गेले होते. फक्त फुलं. पण भाजीवाल्या मावशींनी गवारीची शेंग माझ्या नाकासमोर टचकन मोडली, म्हणाल्या "लई जाओ बेन, एकदम कूणी छे", आणि मग माझं काही चाललं नाही. गवार अढीसो, दोडकी पाचशे, भेंडी, तोंडली, हातभर लांबीचा एक दुधी, चार कैऱ्या. वर लीला मसाला म्हणून कोथिंबीर-पुदिना-मिरच्या आणि लीली चाची (गवती चहाची) जुडी. आता फ्रिज उघडला की सगळे माझ्याकडे बघत बसतात.

प्रश्न असा: संध्याकाळी साडेसहा ते साडेसात एवढा वेळ. खाणारे दोन मोठे आणि एक सहा वर्षांचा, ज्याला हिरव्या रंगाबद्दल शंका आहेत. ओट्यापाशी वीस मिनिटांहून जास्त उभं राहायचं नाही. पोळ्या सकाळच्या असतात. तुम्ही काय करता?

'बाहेरून मागव' हा सल्ला सासूबाई सोडून सगळ्यांनी देऊन झालाय.

मांडवीपल्याड | रविवार, रात्री ९.५८

खिचडी-कढी. पुढचा धागा.

दोन_शिट्ट्या | रविवार, रात्री १०.०४

अहो, त्या पाच भाज्या घेऊन बसल्यात आणि तुम्ही डाळ-तांदूळ सांगताय.

मांडवीपल्याड | रविवार, रात्री १०.०६

खिचडीत घाला ने भाज्या. कोण अडवतंय?

ओव्याची_पूड | रविवार, रात्री १०.३०

ताई, आधी गवार आणि भेंडी संपवा, त्या थांबत नाहीत. दुधी आठवडाभर कुठे जात नाही. तोंडली मध्येच कधीतरी, पण फार दिवस ठेवू नका, आतून लाल होतात आणि मग आंबूस लागतात.

दुसरं म्हणजे, ओट्यापाशी वीस मिनिटं ही अट ठीक आहे, पण खुर्चीत पंख्याखाली किती वेळ चालेल ते तुम्ही सांगितलं नाही. माझं सगळं स्वयंपाकाचं काम तिथेच होतं. गवार कधीच विळीवर चिरत नाही. परातीत घेऊन बसायचं, दोन्ही टोकं मोडायची, सोबत दोरा निघाला तर ओढायचा, आणि शेंग हातानेच दोन तुकड्यांत मोडायची. जी टचकन मोडत नाही, नुसती वाकते, ती जून. ती बाजूला. मुलाला बसवा सोबत, सहा वर्षांच्या मुलाला काहीतरी मोडायला मिळालं की तो खूश असतो.

मग कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद आणि ओवा. जिरं नाही. गवार पोटाला वातूळ, ओवा त्यासाठीच. शेंगा परतायच्या, झाकण ठेवायचं, झाकणावर वाटीभर पाणी. तुम्ही निघून जायचं. वरच्या पाण्याने झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून परत भाजीवर ठिबकते, म्हणून खाली लागत नाही. दहा मिनिटांनी येऊन बघा, कोरडं वाटलं तर झाकणावरचंच गरम पाणी आत ओता. शेवटी तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ, मूठभर दाण्याचं कूट. ओट्यापाशी एकूण सहा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलंय.

गोडा_मसाला | रविवार, रात्री १०.४१

सगळं बरोबर, फक्त गोडा मसाला राहिला. 🙂

ओव्याची_पूड | रविवार, रात्री १०.४३

राहिला नाही, घातला नाही.

राजवाडा_रिटर्न | रविवार, रात्री ११.१५

इंदूरकर हजर. आमच्याकडे उन्हाळ्यात गिलकं. चिरायचं, जिरं-हिंगाची फोडणी, पाच मिनिटांत आपल्याच पाण्यात शिजतं, उतरवताना वरून मूठभर शेव. शेव खाली बसायच्या आत जेवायला बसायचं. लहान मुलगा शेव खाता खाता गिलकं कधी खाऊन जातो त्याचं त्याला कळत नाही. जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, असेल तर चिमूटभर. नसेल तर इंदूरला या.

सालीसकट | रविवार, रात्री ११.२०

गिलकं म्हणजे?

राजवाडा_रिटर्न | रविवार, रात्री ११.२२

गिलकं म्हणजे गिलकं हो.

दोन_शिट्ट्या | रविवार, रात्री ११.२५

घोसाळं. बडोद्यात भाजीवाल्याला 'गलका' म्हणावं लागतं, 'घोसाळं' म्हटलं तर तो मागे वळून कोण ओरडलं ते बघतो. माझ्या खानदेशी जावेकडेही गिलकं, काही ठिकाणी चोपडं दोडकं. आणि जे शिरा असलेलं ते दोडकं, तेच कोकणात शिराळं, तेच गुजरातीत तुरिया. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिला महिना मी भाजी बोटाने दाखवून आणली.

सालीसकट | रविवार, रात्री ११.३१

म्हणजे जे वेलीवर वाळलं की अंघोळीची घासणी होते ते!

दोन_शिट्ट्या | रविवार, रात्री ११.३२

तेच. म्हणून वाळायच्या आत खायचं.

अर्धं_मीठ | सोमवार, सकाळी ७.१०

माझ्या आयडीची जन्मकथा सांगतो, धागाकर्तीला उपयोगी पडेल.

बायको माहेरी. मी पहिल्यांदा दोडक्याची भाजी केली. कढई शिगोशीग भरली होती, त्या मानाने मीठ घातलं. झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी उघडलं तर कढईच्या तळाशी ओंजळभर भाजी, आणि कढईभर भाजीचं मीठ. मुलीने एक घास घेतला आणि काही न बोलता फ्रिजमधून दही काढलं.

दोडकं, घोसाळं, दुधी, सगळ्यांत पाणीच जास्त. मीठ घातलं की ते पाणी सुटतं आणि भाजी बसते. म्हणून आधी बसू द्या, मग बघा किती उरली, मग मीठ घाला. किंवा माझ्यासारखं, जेवढं वाटेल त्याच्या अर्धं.

भेंडीबाजार | सोमवार, सकाळी ७.४५

भेंडीचंही हेच, पण कारण वेगळं. मीठ आधी घातलं तर पाणी सुटतं, चिकट रस पाण्यात उतरतो, आणि मग तारा. भेंडी सकाळी ऑफिसला जायच्या आधी धुवा, पंचावर पसरून ठेवा. संध्याकाळपर्यंत कोरडीठाक. मग चिरा, मोठ्या आचेवर टाका, झाकण ठेवू नका. तार दिसली तर दोन आमसुलं किंवा चमचाभर दही. मीठ शेवटी.

लोखंडी कढईत आंबट घालू नका, काळी पडते.

सालीसकट | सोमवार, सकाळी ८.०२

पडू दे की काळी. लोह मिळतं.

भेंडीबाजार | सोमवार, सकाळी ८.०५

सहा वर्षांच्या मुलाला हिरव्याबद्दल शंका आहे म्हणतायत त्या. काळ्याबद्दल काय असेल?

गोडा_मसाला | सोमवार, सकाळी ९.३०

दोडक्यात तरी गोडा मसाला हवा. आमच्या घरी दोडक्याची रसभाजी, गोडा मसाला, ओलं खोबरं, चिंच-गूळ. यावर तडजोड नाही.

ओव्याची_पूड | सोमवार, सकाळी ९.४८

कोवळ्या दोडक्यात एवढं सगळं घातलं की चिंच लागते, गूळ लागतो, मसाला लागतो. दोडकं कुठे आहे ते शोधावं लागतं. मंडईतून चार दिवसांनी आलेल्या जून दोडक्याला तुमचा मसाला हवाच, त्याला झाकायलाच हवं. पण बडोद्याजवळच्या पादरा गावाकडच्या शेतातून पहाटे आलेल्याला कशाला? त्याला हिरवी मिरची, मीठ आणि झाकण. बस.

गोडा_मसाला | सोमवार, सकाळी ९.५५

म्हणजे पुण्याची दोडकी जून असं म्हणायचंय का तुम्हाला?

ओव्याची_पूड | सोमवार, सकाळी ९.५७

मी पुण्याचं नाव घेतलं नाही. तुम्ही घेतलंत.

मांडवीपल्याड | सोमवार, सकाळी १०.००

धागा पन्नाशी गाठणार. 🍿

चैत्रगौर | सोमवार, सकाळी ११.२०

त्या चार कैऱ्यांचं कुणी बोलतच नाहीये.

आंबेडाळ करा हो. गॅस फक्त फोडणीपुरता. सकाळी जाताना वाटीभर हरभऱ्याची डाळ भिजत घाला. संध्याकाळी निथळून मिक्सरला भरड फिरवा, दोन-तीनदा नुसता झटका द्यायचा, पीठ होता कामा नये, दाताखाली डाळ आली पाहिजे. कैरी किसून, मीठ, थोडी साखर, कोथिंबीर. वर हिंग-हळद-सुक्या मिरचीची फोडणी, जरा सढळ तेलाची, कारण कच्ची डाळ तेल पिते. सकाळची पोळी, आंबेडाळ, ताक. चैत्रात हळदीकुंकवाला बायका वाटीभर खातात आणि 'पोट भरलं' म्हणून घरी जाऊन जेवत नाहीत, मग आपण तेच जेवण म्हणून का खाऊ नये?

फक्त डाळ दिवसभर भिजणार असेल तर पातेलं बाहेर ठेवू नका. बडोद्याच्या मे महिन्यात पाच वाजेपर्यंत फेस येतो. फ्रिजात ठेवा. हे अनुभवाने.

वाचक_क्र_९ | सोमवार, दुपारी १२.१५

कैरी कुठली घ्यावी? आमच्याकडे तोतापुरी मिळते, ती गोडसर लागते.

चैत्रगौर | सोमवार, दुपारी १२.४०

आंबेडाळीला चांगली आंबट. गुजरातेत राजापुरी सहज मिळते, लोणच्याचीच ती, मोठी आणि गराला भरपूर. तोतापुरी मीठ-तिखट लावून नुसती खायला.

दुधीहलवा | सोमवार, दुपारी २.०५

एक गंभीर सूचना, विनोदात हरवू नये म्हणून वेगळी लिहितेय.

दुधी, दोडकं, काकडी चिरताना एक चकती चाटून बघा. कडू लागली तर सगळं टाका. अर्धं सुद्धा वापरू नका. पाण्याचा ताण पडला, ऊन जास्त झालं की या वेलींच्या फळात कडू द्रव्य वाढतं, कुकुरबिटासिन म्हणतात त्याला, आणि ते शिजवून जात नाही. आमच्या घरात एकाने 'कडू म्हणजे औषधी' म्हणून कडू दुधीचा रस ग्लासभर प्यायला होता. अर्ध्या तासात उलट्या, रात्र दवाखान्यात, सलाइन. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्याचा स्वभाव आहे. दुधी कडू लागला तर तो बिघडलेला आहे.

अर्धं_मीठ | सोमवार, दुपारी २.२०

+१. आमच्याकडे चकती चाखायचं काम माझ्याकडे आहे. घरात माझं स्थान काय ते यावरून समजा.

दांडियाबाजार_७२ | सोमवार, संध्याकाळी ५.३०

धागाकर्तीचा आयडी वाचून राहवलं नाही. अगाशी! महाराष्ट्रातले लोक 'गच्ची' म्हणतात, आम्ही बडोद्याचे मराठी जन्मभर 'अगाशी' म्हणत आलो.

आमचा वाडा दांडिया बाजारात. उन्हाळ्यात आजी रात्रीचा स्वयंपाक चुलीवर नाही, तर मागच्या पडवीत शेगडीवर करायची, आणि तोही पाचच्या सुमाराला. शेजारी जैन कुटुंब, त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत. आजीने ते वेळापत्रक उचललं होतं, धर्म म्हणून नाही, कंदिलाभोवतीच्या किड्यांना कंटाळून. मे महिन्यात आपल्याकडे सात-सव्वासातपर्यंत उजेड असतो. साडेसहाला काका अगाशीवर चार बादल्या पाणी मारायचे. फरशीतून वाफ यायची आणि एक वास, तो मी इथे लिहून सांगू शकत नाही. मग पानं वरती.

पानात काय, तर एक भाजी. एकच. तोंडली उभी चिरून तेलावर खरपूस केलेली, किंवा गवार. भाकरी, कांदा-कैरीचा कचुंबर, ताक. आणि ज्या दिवशी दुपारी रस झाला असेल त्या दिवशी फजेतो. आजी तो शेजारच्या गुजराती बांकडून शिकली. रस काढून झाल्यावर कोयी आणि सालं थोड्या पाण्यात चोळायची, त्या पाण्यात ताक, चमचाभर बेसन, आलं-मिरची, मोहरी-जिरं-कढीपत्त्याची फोडणी, उकळी. आंब्याची कढीच. वाया काही जायचं नाही. गरम भातावर. आजोबा त्याला 'फजिती' म्हणायचे आणि तीन वाट्या घ्यायचे.

खंडेराव मार्केटातून भाजी आजोबाच आणायचे, खंडेराव महाराजांनी बांधलेल्या त्या इमारतीसमोर...

दोन_शिट्ट्या | सोमवार, संध्याकाळी ५.५०

काका, फारच सुंदर. तोंडाला पाणी सुटलं.

इतिहासाचा_तास | सोमवार, संध्याकाळी ६.१०

छान लिहिलंत. एक छोटी दुरुस्ती: ती इमारत खंडेरावांनी नाही, सयाजीराव महाराजांनी (तिसरे) बांधली, १९०६ साली, कारभार हाती घेतल्याला पंचवीस वर्षं झाली त्या निमित्ताने. खंडेराव १८७० सालीच गेले. त्यांच्या राणीने, जमनाबाईंनी, सयाजीरावांना १८७५ मध्ये दत्तक घेतलं, म्हणजे नाव दत्तक वडिलांचं दिलं. आता आत महानगरपालिकेची कचेरी आहे आणि भाजी-फुलं आवारात.

दांडियाबाजार_७२ | सोमवार, संध्याकाळी ६.३२

दुरुस्ती मान्य. शाळेत हे पाठ होतं हो. आजोबांनी असती तर कान पिळला असता.

ता.क.: 'आजोबा असते तर'. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, टंकताना चुकतं.

मांडवीपल्याड | सोमवार, संध्याकाळी ६.४०

काका, खिचडी व्हायची का आजीकडे?

दांडियाबाजार_७२ | सोमवार, संध्याकाळी ६.५५

आजारी माणसाला.

गोडा_मसाला | सोमवार, संध्याकाळी ७.००

😂😂

सालीसकट | सोमवार, रात्री ८.१५

दोडक्याच्या शिरा फेकू नका, एवढं सांगायला आलो. सोलाण्याने वरच्या वर काढायच्या, चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होऊ द्यायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट-मीठ. कोरडी चटणी. चार दिवस टिकते. दुसऱ्या दिवशीच्या रात्रीचं अर्धं काम झालं.

अगाशीवरची | मंगळवार, रात्री १०.१०

अहवाल सादर करते.

सोमवारी गवार, ओव्याची_पूड यांच्या पद्धतीने. मुलगा मोडायला बसला. पहिल्या दहा शेंगा नीट, मग त्याने 'जून' शेंगांची वेगळी टोळी केली आणि त्यात चांगल्याही टाकल्या. ओवा घातला, झाकणावर पाणी ठेवलं, आणि मी बाल्कनीत जाऊन बसले. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, भाजी गॅसवर असताना मी पहिल्यांदा बसले. नवरा विचारत होता बरं नाही का. भाजी उत्तम. गोडा मसाला घातला नाही, क्षमस्व.

आज दोडकं. भिजवलेली मूग डाळ मूठभर, हिरवी मिरची, हळद, थेंबभरही पाणी घातलं नाही, तरी कढईत तळं झालं. चकती चाखली होती, गोड निघाली. मीठ मात्र... मी हा धागा लिहिला, अर्धं_मीठ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला, आणि तरीही हात सवयीने गेला. खारट. दही काढलं. शिरांची चटणी करताना फोन आला आणि लसूण जळला. त्यामुळे ती पानापर्यंत आलीच नाही, झाडांना गेली.

आंबेडाळ मात्र अशी झाली की सासूबाईंनी दुसऱ्यांदा घेतली. डाळ फ्रिजातच भिजवली होती. मुलाने डाळ खाल्ली नाही, त्यातला कैरीचा कीस वेचून खाल्ला आणि उरलेली कैरी मिठाबरोबर. हिरवी होती तरी.

सूर्य मावळायच्या आत जेवलो, तेही वरती अगाशीवर. काका, आमच्या इमारतीत बादलीने पाणी मारायची परवानगी नाही, पण मी तुळशीला घालताना जरा सांडलं.

दांडियाबाजार_७२ | मंगळवार, रात्री १०.२५

वास आला का?

अगाशीवरची | मंगळवार, रात्री १०.२७

आला. सिमेंटचा, पण आला.

अर्धं_मीठ | मंगळवार, रात्री १०.३०

दोनदा वाचूनही! मी आयडी बदलून 'पाव मीठ' करतो.

वाचक_क्र_९ | बुधवार, सकाळी ८.२०

गवारीला ओवा किती घ्यायचा? पाव किलोला.

ओव्याची_पूड | बुधवार, सकाळी ८.४०

सपाट अर्धा चमचा, तळहातावर चोळून. जास्त झाला तर भाजी खोकल्याच्या औषधासारखी लागते.

दुधीहलवा | बुधवार, सकाळी ९.०५

आणि दुधी?

अगाशीवरची | बुधवार, दुपारी १.१५

दुधी आहे अजून. फ्रिजच्या दारात पाण्याच्या बाटल्यांमध्ये उभा केलाय, आडवा मावला नाही. मुठिये करायचा विचार आहे, सकाळचा उरलेला भात घालून.

मांडवीपल्याड | बुधवार, दुपारी १.१८

खिचडीत...

अगाशीवरची | बुधवार, दुपारी १.२०

शुक्रवारी खिचडीच आहे. आता काही बोलू नका.